नवा प्रॉब्लेम दिसला की हात थांबतो: कोडिंग इंटरव्ह्यूसाठी दहा आठवड्यांत काय करावं?

साखळीवाली (रविवार, रात्री ९:४०)

मंडळी, कॉम्प्युटर शाखा, शेवटचं वर्ष. कॅम्पसवर कंपन्या यायला अजून साधारण दहा आठवडे आहेत, म्हणजे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर. लीटकोडवर (कोडिंगच्या सरावाच्या साइटवर) दीडशेच्या वर प्रॉब्लेम झालेत, साठेक सोपे आणि बाकी मध्यम. केलेला प्रॉब्लेम परत आला तर सुटतो. जरा फिरवून विचारला की वीस-पंचवीस मिनिटं नुसती स्क्रीनकडे बघत राहते. मग उत्तर उघडायचं आणि "हे तर येत होतं" म्हणून कपाळावर हात मारायचा.

विचारायचंय ते असं: आणखी दीडशे करू, की आहेत तेच पुन्हा? कॉलेजात जावा शिकवलं, पण स्वतः पायथन लिहिते, मग इंटरव्ह्यूला कुठली भाषा धरू? चौथीपर्यंत मराठी शाळेत होते. इंग्रजी वाचता-लिहिता येतं, पण इंग्रजीत बोलत बोलत कोड लिहायचं म्हटलं की दोन्ही बिघडतं. आणि ऑनलाइन टेस्ट घरूनच द्यावी लागणार. गोव्यात साखळीला पाऊस लागला की विजेचं काय होतं ते इथल्यांना सांगायला नको.

रोज तीन तास, रविवारी सहा तास देऊ शकते. रोडमॅपच्या लिंक कृपया नकोत, पंधरा जमा झाल्यात.

---

घुमट (रविवार, रात्री ११:०५)

दीडशे पुरे आहेत. तुमची अडचण आकड्यात नाही. प्रॉब्लेम वाचल्यावर लगेच "हा कुठल्या जातीचा?" म्हणून आठवणीत शोधायला लागता, तिथे गाडी अडते. आठवण ही पहिली पायरी नाहीच. पहिली पायरी म्हणजे खाली बारीक अक्षरात दिलेल्या मर्यादा वाचणं, आणि नेमक्या त्याच नव्वद टक्के मुलं वगळतात (आकडा मनाचा आहे, पण कॉलेजातल्या कोणालाही विचारा).

ढोबळ हिशेब असा. सी प्लस प्लसमध्ये सेकंदाला दहा कोटींच्या आसपास साध्या क्रिया होतात असं धरायचं, पायथनमध्ये एक कोटीच्या आसपास. आता एन (इनपुटचा आकार) २० पर्यंत असेल तर दोनचा विसावा घात म्हणजे साडेदहा लाख, सगळे उपसंच तपासले तरी चालतं. बॅकट्रॅकिंग किंवा बिटमास्क (सगळ्या शक्यता तपासायच्या पद्धती) अपेक्षित आहे असं समजायचं. एन ५०० असेल तर एन क्यूब साडेबारा कोटी होतो, सी प्लस प्लसमध्ये खपेल, पायथनमध्ये नाही. एन ५ हजार म्हणजे एन स्क्वेअर अडीच कोटी, बहुतेक दोन मितींचं डीपी (डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, लहान उत्तरं साठवून मोठं काढणं). एन १ लाख असेल तर एन स्क्वेअर हजार कोटींवर जातो, तो विषय संपला. तिथे एन लॉग एन (सुमारे १७ लाख) किंवा सरळ एन हवा, म्हणजे सॉर्ट, हॅशमॅप (किल्ली दिली की किंमत लगेच देणारी यादी), टू पॉइंटर (रांगेत दोन खुणा सरकवणं), हीप (सगळ्यात लहान किंवा मोठा आकडा वर ठेवणारी रचना) यांपैकी काहीतरी. आणि एन १०० कोटी दिला असेल तर लूप फिरवायचाच नाहीये. सूत्र शोधा, नाहीतर उत्तरावर बायनरी सर्च करा (शोधायचा पट्टा दर वेळी निम्मा करत जाणं).

एवढं वाचलं की वीस जातींपैकी चार उरतात. त्या चारांतून निवडताना काय बघायचं ते एका प्रॉब्लेमवर दाखवतो, कारण नुसतं "पॅटर्न ओळखा" म्हणण्याला काही अर्थ नाही.

प्रश्न: आकड्यांची रांग दिली आहे, बेरीज बरोबर के होईल असे सलग तुकडे किती? रांग [३, -१, २, ४, -४], के = ४.

"सलग तुकडा" वाचलं की हात स्लायडिंग विंडोकडे जातो (उजवीकडून आकडे घ्यायचे, बेरीज जास्त झाली की डावीकडून काढायचे). चालवून बघा. ३, मग २, मग ४: एक तुकडा मिळाला. पुढचा ४ घेतला, बेरीज ८. जास्त झाली म्हणून डावीकडून ३ काढला, ५ उरले. अजून जास्त, म्हणून -१ काढला, आणि बेरीज वाढून ६ झाली! मग २ काढला, ४ उरले, दुसरा तुकडा. शेवटी -४ घेतला, बेरीज ०. उत्तर आलं २. खरं उत्तर ३ आहे, कारण अख्ख्या रांगेची बेरीजही ४ च होते.

कुठे फसलं? "डावीकडून काढलं की बेरीज कमी होते" या एका गोष्टीवर विंडो उभी असते. ऋण आकडा आला की पायाच गेला. म्हणजे मर्यादांमध्ये आकडे ऋण असू शकतात का हे बघणं हा प्रॉब्लेमचा अर्धा भाग आहे.

मग काय करायचं? सुरुवातीपासूनची बेरीज धरत जायची: ३, २, ४, ८, ४. आत्ताची बेरीज पी असेल, तर आधी कधी "पी वजा के" येऊन गेली का ते हॅशमॅपला विचारायचं. मॅपमध्ये सुरुवातीलाच "० ही बेरीज १ वेळा" हे टाकून ठेवायचं. पी = ३, हवे -१, नाहीत. पी = २, हवे -२, नाहीत. पी = ४, हवे ०, एकदा आहेत, मोजणी १. पी = ८, हवे ४, एकदा आहेत, मोजणी २. पी = ४, हवे ०, मोजणी ३. एका फेरीत काम झालं.

सुरुवातीचं ते "० एक वेळा" विसरलात तर उत्तर १ येतं, कारण पहिल्या खान्यापासून सुरू होणारे दोन्ही तुकडे निसटतात. इंटरव्ह्यूत नेमकं हेच विसरलं जातं. आणि क्रमही महत्त्वाचा: आधी विचारायचं, मग आत्ताची बेरीज मॅपमध्ये टाकायची. उलट केलं आणि के शून्य असला तर प्रत्येक खान्यावर रिकामा तुकडा मोजला जातो.

तुम्ही दीडशे केलेत ना? त्यातले चाळीस घ्या आणि प्रत्येकाला असंच छळा. "आकडे ऋण असते तर?", "रांग सॉर्ट केलेली असती तर?", "मोजणीऐवजी सगळ्यात लांब तुकडा विचारला तर?" फिरवून विचारलेला प्रॉब्लेम म्हणजे दुसरं काही नसतं.

अडकल्यावरचा नियम: २५ मिनिटं कागदावर झगडायचं. मग फक्त हिंट बघायची, आणखी १० मिनिटं द्यायची. मग उत्तर वाचायचं, बंद करायचं, आणि त्या दिवशी ते लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर लिहायचं, मग आठवड्याने एकदा, महिन्याने एकदा. वहीत प्रत्येक प्रॉब्लेमला तीन ओळी: कुठल्या शब्दावरून सुगावा लागायला हवा होता, मी नेमकी कुठे थांबले, आणि माझा कोड कुठल्या इनपुटवर मोडतो. तिसरी ओळ सुचत नसेल तर प्रॉब्लेम अजून कळलेला नाही.

दहा आठवड्यांची वाटणी मी अशी करीन: रांगा, हॅश, टू पॉइंटर आणि विंडो दोन आठवडे. बायनरी सर्च आणि स्टॅक मिळून एक. ट्री दीड, ग्राफ दीड, डीपी दोन. उरलेले दोन नुसत्या मॉक (सरावाच्या) इंटरव्ह्यूंना. सेगमेंट ट्रीच्या मागे लागू नका, कॅम्पसच्या प्रश्नांत त्याची गरज क्वचित पडते.

---

दुर्भाटची_फेरी (सोमवार, सकाळी ७:२०)

घुमटरावांनी मूळ दुखणं धरलंय. मी भाषेचं आणि बारीक चुकांचं सांगते.

पायथनच धरा. कोड निम्म्यात होतो, आणि ४५ मिनिटांत ते फार मोठं भांडवल आहे. मात्र आधी कंपनीच्या टेस्टमध्ये पायथन चालतं का ते बघून घ्या, काही ठिकाणी जावा किंवा सी प्लस प्लस एवढंच देतात. दोन भाषांत अर्धी-अर्धी तयारी मात्र करू नका. एन लॉग एनला पायथन पुरतं. एन स्क्वेअर कोटींत गेला की वेळ संपल्याचा लाल शेरा येतो.

पायथनची गाळणी, मुलं जिथे पडतात ती ठिकाणं:

लिस्टच्या पुढून पॉप करणं. "पॉप शून्य" केलं की मागचे सगळे खाने एकेक पाऊल सरकतात. बीएफएसमध्ये (ग्राफ थराथराने फिरताना) हे केलंत की तुमचा कोड गुपचूप एन स्क्वेअर झाला. डेक (दोन्ही टोकांनी उघडी रांग) वापरा आणि पॉपलेफ्ट करा.

दोन मितींची जाळी. [[०] * ३] * ३ असं लिहिलंत तर तीन ओळी नाहीत, एकच ओळ तीन नावांनी आहे. एका खान्यात १ टाकला की तिन्ही ओळींत दिसतो. लूपने ओळी बनवा. ही चूक डोळ्याला दिसत नाही, उत्तर मात्र चुकतं.

रिकर्शन. फंक्शन स्वतःलाच बोलावत किती खोल जाऊ शकतं याची पायथनची मर्यादा मुळात १००० आहे. दहा हजार गाठींचं एका बाजूला कललेलं ट्री दिलं की डीएफएस (फांदीच्या तळापर्यंत जात फिरणं) कोसळतं. मर्यादा वाढवायची, किंवा स्वतःचा स्टॅक ठेवायचा, आणि हे इंटरव्ह्यूत आपणहून बोलून दाखवायचं.

हीप. पायथनची आणि जावाची हीप सगळ्यात लहान वर ठेवते, सी प्लस प्लसची सगळ्यात मोठा. पायथनमध्ये मोठा हवा तर आकडे ऋण करून टाका, काढताना परत फिरवा.

ऋण भागाकार. पायथनमध्ये -७ ला दोन स्लॅशनी २ ने भागलं तर -४ येतात. जावात -३. कॅल्क्युलेटर लिहायला सांगणाऱ्या प्रॉब्लेममध्ये हमखास पडतात.

जावावाल्यांसाठीही दोन, कारण धागा बाकीचेही वाचतील. एक लाखाचा वर्ग इंटमध्ये (साध्या पूर्णांकाच्या जागेत) मावत नाही. मर्यादा २१४७४८३६४७, आणि उत्तर मुकाट्याने १४१००६५४०८ येतं, एररसुद्धा नाही. आधीच लाँग करा. दुसरं, दोन इंटिजर ऑब्जेक्ट दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडून बघितले तर १२७ ला "सारखे" येतं आणि १२८ ला "वेगळे", कारण -१२८ ते १२७ एवढेच आकडे आधीपासून साठवून ठेवलेले असतात. इक्वल्स वापरा.

बायनरी सर्चमध्ये मधला खाना काढताना दोन्ही टोकांची बेरीज करून अर्धी करू नका, ती बेरीजही इंटमध्ये न मावण्याची शक्यता असते. डावं टोक अधिक अंतराचं निम्मं असं लिहा. ही चूक जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत नऊएक वर्षं पडून होती, २००६ मध्ये ती जाहीरपणे सांगितली गेली. त्यामुळे तुमची झाली तर लाज नाही, पण समोरच्याला माहीत असते! पायथनमध्ये आकडे मोठे होत जातात म्हणून हे बाधत नाही, तरी सवय तीच ठेवा. आणि डावं टोक "मधला" असं ठेवणार असाल तर मधला वरच्या बाजूला गोळा करा. नाहीतर डावं ३, उजवं ४, मधला पुन्हा ३, आणि लूप चवथ येईपर्यंत फिरत राहतो.

---

पिंपळपान (सोमवार, सकाळी १०:५०)

पायथनबद्दल थोडी असहमती. ऑनलाइन टेस्टला ठीक. पण समोरासमोरच्या फेरीत क्लासेस, इंटरफेस, ओव्हरलोडिंग असलं विचारलं, आणि तुम्ही कॉलेजात जावा शिकलात असं रेझ्युमेवर लिहिलंय, तर जावातच विचारतात. प्रॉब्लेम पायथनमध्ये सोडवा, पण जावाचे पन्नास प्रश्न हाताशी ठेवा. हॅशमॅप आत कसा चालतो, हॅशकोड बदलून इक्वल्स तसंच ठेवलं तर काय होतं, ॲब्स्ट्रॅक्ट क्लास कधी आणि इंटरफेस कधी, एवढ्यावर बरंच निभावतं.

आता ग्राफ आणि डीपी, कारण तिथे वेळ फार वाया जातो.

बीएफएसमध्ये "भेट दिली" ही खूण रांगेत टाकताना करायची, काढताना नाही. काढताना केली तर एकच गाठ चार शेजाऱ्यांकडून चार वेळा रांगेत शिरते. लहान जाळीवर उत्तर बरोबर येतं, मोठीवर वेळ संपतो. आणि जाळीचे प्रॉब्लेम कधीही ३ बाय ३ वर तपासू नका. २ बाय ३ घ्या. ओळी आणि स्तंभ उलटे लिहिलेले असले तर चौकोनी जाळीत ते लपतं.

डीपी तक्त्यापासून सुरू करू नका. आधी साधं रिकर्शन लिहा, मग बदलणारे आकडे कुठले ते बघा (तीच स्टेट), मग मेमो लावा (एकदा काढलेलं उत्तर साठवून ठेवा). तक्ता सगळ्यात शेवटी, मागितला तरच.

नाण्यांचा प्रॉब्लेम दोनदा करा, दोन वेगळ्या कारणांसाठी. नाणी १, ३, ४ आणि रक्कम ६: मोठं नाणं आधी घेतलं तर ४, १, १ अशी तीन लागतात, खरं तर ३ आणि ३ अशी दोनच पुरतात. "ग्रीडी का नाही?" विचारलं की हे उदाहरण तोंडावर हवं. दुसरं, किती प्रकारे देता येतील असं विचारलं तर लूपचा क्रम उत्तर बदलतो. नाणी १ आणि २, रक्कम ३. नाण्यांचा लूप बाहेर ठेवला तर २ प्रकार (१+१+१ आणि १+२). रकमेचा बाहेर ठेवला तर ३, कारण १+२ आणि २+१ वेगळे मोजले जातात. दोन्ही कोड दिसायला जुळे भाऊ. कुठला कशासाठी हे पाठ करू नका, हातात घेऊन चालवा.

एसक्यूएलला (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेला) आठवडाभर रोज अर्धा तास द्या, वाया जात नाही. "दुसऱ्या क्रमांकाचा पगार" हा प्रश्न अजून जिवंत आहे. सॉर्ट करून दुसरी ओळ उचलली आणि वरचा पगार दोघांना सारखा असला की उत्तर चुकलं. डेन्स रँक वापरा, किंवा डिस्टिंक्ट करून मग उचला. लेफ्ट जॉइन करून उजव्या टेबलाची अट व्हेअरमध्ये टाकली तर न जुळलेल्या ओळी उडतात आणि तो इनर जॉइनच होतो. अट ऑनमध्ये हवी. आणि नॉट इनच्या आतल्या यादीत एक जरी नल (रिकामी किंमत) असला तर एकही ओळ येत नाही. नॉट एक्झिस्ट्स लिहा.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डेडलॉकच्या चार अटी सगळे घडाघडा म्हणतात. पुढचा प्रश्न असतो, "मग टाळाल कसा?" दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) दोन कुलपं उलट्या क्रमाने घेतात म्हणून अडकतात. सगळ्यांनी कुलपं एकाच ठरलेल्या क्रमाने घेतली की चक्र होतच नाही. एवढं सांगितलं तरी पुरे.

---

साखळीवाली (सोमवार, दुपारी १:१५)

देव बरें करूं सगळ्यांना! घुमट, रांगेचं ते उदाहरण कागदावर दोनदा चालवलं. दुसऱ्यांदा शून्य मुद्दाम काढून बघितलं, खरंच १ आलं.

बोलण्याचं आणि विजेचं कोणी सांगेल का? आणि चॅटजीपीटीकडून तयारी करून घेणं चांगलं की वाईट?

---

बाणस्तारी_बाजार (सोमवार, संध्याकाळी ६:३०)

बोलण्याचं मी घेतो. ४५ मिनिटांची फेरी साधारण अशी वाटून ठेव: पहिली ५ मिनिटं प्रश्न विचारायला, पुढची ८-१० पद्धत सांगायला, २० कोडला, ७-८ तपासायला. शेवटची तीन-चार तुझ्या प्रश्नांना राहू दे. बहुतेक मुलं दुसऱ्याच मिनिटाला कोड लिहायला बसतात आणि विसाव्या मिनिटाला सगळं खोडतात.

इंग्रजीची भीती कमी करायची तर आधी एक गोष्ट लक्षात घे. तुला भाषण करायचं नाहीये. अख्ख्या फेरीत लागणारी वाक्यं पंचवीसच्या वर नसतात, आणि दर वेळी तीच असतात. इनपुट रिकामं असू शकतं का, आकडे ऋण असू शकतात का, एकसारखे आकडे आले तर काय, उत्तर नसेल तर काय परत द्यायचं. मग "सगळ्यात साधी पद्धत ही, ती एन स्क्वेअर घेते, एन लाखाचा असल्यामुळे चालणार नाही, म्हणून मी हॅशमॅप वापरते, जागा एन लागेल." मग "आता हा लहान इनपुट हाताने चालवते." झालं. ही वाक्यं इंग्रजीत लिही, रोज एका प्रॉब्लेमवर मोठ्याने म्हण, मोबाइलवर रेकॉर्ड कर.

रेकॉर्डिंग ऐकताना उच्चार बघू नकोस. एकच गोष्ट मोज: सलग एक मिनिटाच्या वर गप्प होतीस अशा जागा किती. गप्प बसलं की समोरच्याला तू विचार करतेयस की अडकलीयस ते कळत नाही, आणि मदत करायची झाली तरी कुठे करावी ते समजत नाही. विचार करायला वेळ हवा असेल तर तसं सांगून गप्प बस, त्यात काही गैर नाही.

पद्धत आधी मराठीत समजावून बघ, घरी कोणी ऐकणारं असलं तर उत्तमच. मराठीत नीट सांगता येत नसेल तर अडचण इंग्रजीची नव्हतीच. पुण्याकडचा इंटरव्ह्यू घेणारा असला आणि शेवटी मराठीत दोन वाक्यं बोलला तरी कोडची चर्चा इंग्रजीतच चालू ठेव, तो तसंच नोंदवून घेत असतो.

"आर यू शुअर?" असं विचारलं की लगेच उत्तर बदलू नकोस, लगेच होही म्हणू नकोस. कोडमधली ती ओळ दाखवून एक इनपुट चालव. बऱ्याचदा तो चूक दाखवत असतो, कधी नुसतं बघत असतो, आणि दोन्ही वेळा करायचं तेच.

मॉक आठवड्याला दोन. गूगल मीटवर मैत्रिणीबरोबर, आणि कोड गूगल डॉकमध्ये. तिथे रंग नाहीत, आपोआप पूर्ण होणं नाही, रनचं बटण नाही. एडिटरने किती सांभाळून घेतलं होतं ते पहिल्याच दिवशी कळतं. प्रश्न विचारणारी होणं हाही सराव आहे. समोरची कुठे घसरतेय ते बाहेरून फार स्वच्छ दिसतं.

चॅटजीपीटीला उत्तर विचारू नकोस. आपला कोड दे आणि "हा कुठल्या इनपुटवर मोडेल तेवढं सांग, दुरुस्त करू नकोस" म्हण. तिने दिलेला इनपुट मात्र स्वतः चालवून बघ, कधीकधी न मोडणाराही देते. आणि टेस्टच्या वेळी तो टॅब उघडायचाच नाही. टॅब बदललेला बऱ्याच प्लॅटफॉर्मवर नोंदला जातो, कॅमेरा तर चालूच असतो.

---

घुमट (सोमवार, रात्री ८:००)

विजेचं. लॅपटॉपला बॅटरी असते, नेट जातं ते राउटर बंद पडल्याने. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचं वाचा: १२ व्होल्ट १ अँपियर, १२ व्होल्ट २ अँपियर, ९ व्होल्ट, जे असेल ते. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त. पिनेची जाडी आणि मधला धन की ऋण तेही जुळवा. फायबरचा डबा आणि वायफायचा डबा वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप हवा. एकाला देऊन दुसरा विसरला तर उपयोग शून्य. टेस्टच्या आदल्या दिवशी मेन स्विच बंद करून अर्धा तास नेट चालतं का ते बघा.

शिवाय मोबाइल डेटा दुसऱ्या कंपनीचा ठेवा. फायबर ज्याचं त्याचंच सिम असलं तर फांदी पडून लाइन तुटली की दोन्ही एकदम जाण्याची शक्यता. हॉटस्पॉट आधी एकदा जोडून ठेवा, पासवर्ड शोधण्यात मिनिटं जातात. दुसरा मॉनिटर काढा, नोटिफिकेशन बंद, प्लॅटफॉर्मची सरावाची टेस्ट त्याच लॅपटॉपवर त्याच ब्राउझरमध्ये देऊन बघा. भर टेस्टमध्ये सगळंच गेलं तर त्याच क्षणी वेळ टाकून मेल करा. तासाभराने केलेल्या मेलला वजन राहत नाही. तो पत्ता कागदावर लिहिलेला हवा, मेलबॉक्समध्ये नाही.

पणजीला पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून द्यायचा विचार असेल तर वाचायला जागा छान आहे, पण मोठ्याने बोलायची फेरी तिथे कशी देणार?

---

साखळीवाली (सोमवार, रात्री १०:२५)

घुमट, तुम्ही म्हणालात तसं छळून बघितलं: मोजणीऐवजी सगळ्यात लांब तुकडा. मॅपमध्ये मोजणीच्या जागी त्या बेरजेचा खाना क्रमांक ठेवला, सुरुवातीला "० ही बेरीज -१ व्या खान्यावर". [३, -१, २, ४, -४] वर बरोबर ५ आलं. पण [२, -२, २, -२] आणि के = ० घेतलं तर ४ ऐवजी २ येतंय. कुठे चुकलं?

---

दुर्भाटची_फेरी (सोमवार, रात्री १०:४०)

प्रत्येक खान्यावर बेरीज मॅपमध्ये नव्याने लिहितेस ना? बेरजा येतात २, ०, २, ०. दुसऱ्या आकड्याशी ० आली, तिथे -१ च्या जागी १ लिहून गेलीस. शेवटी पुन्हा ० आली तेव्हा अंतर ३ वजा १ म्हणजे २ निघालं. लांब तुकडा हवा तर सगळ्यात जुना खाना हवा, म्हणून बेरीज मॅपमध्ये आधीपासून असेल तर हात लावायचा नाही. मग ३ वजा -१, चार. सगळ्यात आखूड तुकडा विचारला असता तर तुझाच कोड बरोबर होता, फक्त जास्तीत जास्तच्या जागी कमीत कमी.